पुलाखालची कोळीण

(आत्याचं शिवणकामाचं दुकान. दुपार. अर्धवट शिवलेल्या कोटांच्या रांगेत एक माइक टांगलेला, कापडं बेतायच्या टेबलावर लॅपटॉप, त्यावर धाकट्याने बनवलेला खेळ चालू. ताई, तिचा धाकटा भाऊ आणि आत्या.)

ताई : हिला पाय किती आहेत?

धाकटा : आठ. मोजून घे.

ताई : मी कोळीण लिहिलं होतं.

धाकटा : मग ही कोण आहे? मोडक्या पुलाखाली राहते, जाळं विणते, हिच्याशिवाय काळ्या पाण्याच्या पलीकडे जाता येत नाही. तुझीच वाक्यं आहेत.

ताई : अरे, कोळीण म्हणजे बाई. होडी वल्हवणारी, मासे धरणारी बाई.

आत्या : अगं बाई. आवाज घुमू नये म्हणून या कोटांमध्ये घामाघूम होऊन मी बाईचं म्हणून गाणं गायले. ते या जनावराच्या तोंडी घातलंस का रे?

धाकटा : छान बसलंय गं तिला.

आत्या : मेल्या.

ताई : निदान माझं पुस्तक तरी वाचायचंस.

धाकटा : तू पानभर टिपण पाठवलंस, त्यावरच मी खेळ बनवला. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करून आल्यावर तुझी जाडजूड वही कुठे उघडू? आपल्याला ना प्रकाशक, ना कंपनी. वर एखादा साहेब असता तर त्याने आधीच कान धरला असता.

ताई : आणि खेळणाऱ्याने हिला मारायचं?

धाकटा : तलवारीने. गाणं चालू असताना.

ताई : मग उद्या पुस्तक एकटंच छापायला जाईल. तुझा खेळ त्याच्यासोबत नको. मी लोकांना हिला जीव लावायला सांगायचं आणि त्याच जगात तू तिचे तुकडे करायचे, हे मला नाही जमणार.

आत्या : एवढं तोडून बोलू नकोस. जनावर काढ, बाई घाल, मिटलं.

धाकटा : सबंध वर्ष गेलंय माझं या पायांत.

ताई : आणि माझं? ही कोळीण कधीची आहे, आठवतं तरी का तुला? आई गेली तेव्हाची. आई कुठे गेली म्हणून तू दिवसभर विचारायचास आणि बाबा उठून बाहेर जायचे. शेवटी मीच तुला सांगितलं, कोळीण आली आणि आईला सांभाळून पलीकडे घेऊन गेली.

धाकटा : आठवतंय.

ताई : मग?

धाकटा : मला तेव्हा एकच कोळीण माहीत होती. न्हाणीघराच्या कोपऱ्यातली.

ताई : तू कधी बोलला नाहीस.

धाकटा : तू म्हणायचीस, ती चांगली आहे. मग काय बोलणार? आत्या झाडू घेऊन जाळी काढायला आली की मी रडून घर डोक्यावर घ्यायचो.

आत्या : हो तर. मला वाटायचं, पोराला किड्यामुंग्यांची केवढी दया. आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे मी.

धाकटा : दया कसली. ती मेली तर आईला परत कोण आणणार, ही काळजी. पुढे मोठा झालो, कळलं की ही कोणाला परत आणत नाही. तेव्हापासून मनात होतं, एकदा हिच्याशी दोन हात करायचे.

ताई : केलेस?

धाकटा : खेळ तिथेच अडलाय. वार केला की ती पडते, गाणं थांबतं. पुढे पलीकडचा काठ दिसायला हवा. रोज बसतो, पण काठावर काय काढायचं ते सुचत नाही. नुसता पांढरा पडदा येतो.

ताई : आणि वारच नाही केला तर?

धाकटा : तर काय, ती विणत राहते आणि आत्या गात राहते.

आत्या : आत्याला दम लागतो म्हणावं.

ताई : तलवार काढून टाक.

धाकटा : आणि पाय?

ताई : राहू देत. तिला हातपाय किती, हे मी कुठे लिहिलेलंच नाही. खेळणाऱ्याने गाणं संपेपर्यंत तिच्याजवळ बसायचं. मग ती आपणहून उठेल आणि त्याला होडीत घेईल.

आत्या : होडी ओढायला आठ पाय बरेच की.

धाकटा : आणि नेईल कुठे?

ताई : ते मलाही कधी लिहिता आलं नाही. पुस्तकात होडी धुक्यात शिरते आणि प्रकरण संपतं.

धाकटा : मग आता सांग. तेव्हा सांगायचीस तसं. मी मध्ये बोलणार नाही.

ताई : नको. मध्ये बोलत जा. एखादा शब्द कळला नाही तर लगेच विचारत जा.