अण्णांच्या तबकडीत हे पुढे काय म्हणाले

बसा, बसा सगळे. गॅलरीतले जरा आत सरका. आपले अण्णा जाऊन आज तेरा दिवस झाले. नात म्हणाली, आजी, दोन शब्द बोल. अगं, मी दुसरीत शाळा सोडली, मला सभेतलं बोलणं कुठून येणार? आणि मला तर हसू येतंय. मी हसले तर रागावू नका. आज मला आनंद झालाय. का, ते सांगते.

अण्णा रेकॉर्डिंगच्या कामाला होते. तिथलं एक मोडीत निघालेलं यंत्र त्यांनी या खोलीत आणलं. इकडे माणूस गातोय, तिकडे काळ्या तबकडीवर सुई रेघ पाडतेय. केसांसारखा भुगा निघायचा. माझ्या सासूबाई म्हणाल्या, कुणाचं जावळ काढताय रे? अशा होत्या त्या! असो.

कपाटात विकतच्या रेकॉर्डी पुष्कळ. पण अण्णांचा जीव बैठकीतल्या रेकॉर्डींवर. म्हणायचे, "वहिनी, विकतच्या रेकॉर्डीत खोकला नसतो हो!" एकीत बुवा गाताना गिरणीचा भोंगा होतो आणि बुवा त्याच्याच सुरात आलाप लावतात. एकीत खालच्या भजनी मंडळाच्या झांजेची दोरी तुटते, झांज घरंगळत जाते. ती झांज अजून सापडलेली नाही, बरं का.

आणि तिसरी आमची. रविवारची दुपार, इथेच बैठक. आमचे हे यंत्राला लागून बसलेले. त्यानंतर आठ दिवसांनी हे मुंबईसाठी मोर्च्याला गेले. गोळी लागली. फोटो होता घरात एक. आवाज मात्र या तबकडीत राहिला.

मग दर वर्षी, हे गेले त्या दिवशी, अण्णा ती लावायचे. जो तेव्हा जिथे बसला होता, त्याने तिथेच बसायचं. गेलेल्याची जागा रिकामी. तुम्हाला ठाऊकच आहे. पाटकरांची नवी सून एकदा चुकून ह्यांच्या जागेवर टेकली. गाणं सुरू झालं आणि पोर आपणहून उठली. म्हटलं, का गं उठलीस? तर म्हणाली, "कोणीतरी सरक म्हणालं." तबकडीत तसलं काही नाही हो. आम्ही सगळ्यांनी ऐकलीय ना ती.

गाणं संपतं. जरा शांत होतं. आणि हे म्हणतात, "अगो, पान दी गो."

की मी उठले! काय करू? नवऱ्याने पान मागितलं. पलीकडच्या माझ्या खोलीत जायचं, सुपारी कातरायची, चुना लावायचा. परत येते तो सुई वर उचललेली. चार वर्षं हेच. अण्णा म्हणायचे, "वहिनी, एकदा बसून ऐका. पान मागितल्यावर तो पुढे बोलतो."

"काय बोलतात?"

"तुमच्यासाठी आहे ते. तुम्हीच ऐका."

मी शेजारी विचारलं. पाटकर म्हणाले, नुसते हसतात. गोदाक्का म्हणाली, तुझं नाव घेतात. आमचे भावोजी म्हणाले, काही नाही, खाकरतात फक्त. सगळे एकाच खोलीत बसलेले, एकच तबकडी! शेवटी अण्णांनाच गाठलं. अण्णा हळूच म्हणाले, "वहिनी, मलासुद्धा दर वेळी निराळं ऐकू येतं."

आता खरं सांगते. पान आधी लावून ठेवता आलं असतं की! मी ठेवलं नाही. त्या रविवारी सकाळी मी ह्यांच्याशी भांडले होते. मोर्च्याला जायचं नाही, असं मी बजावलं. पोरांची शपथ घातली. रागात माणूस चार लोकांत काय बोलेल, कोणी सांगावं? ते ऐकायची भीती वाटायची मला.

पण तबकडी मऊ असते, दर फेरीला झिजते. गेल्या वर्षी ह्यांचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा आला. अण्णा म्हणाले, "अजून एक फेरी निघेल. मग नुसती खरखर." जायच्या आदल्या दिवशी मला हाक मारून म्हणाले, "माझ्या तेराव्याला लावा. आणि उठू नका."

माटुंग्याहून अण्णांचा पुतण्या आलाय, हा बसलाय. तो म्हणाला, काकी, घरी नेऊन एकटीने ऐका. मी म्हटलं, नाही रे बाबा. ह्यांची जागा इथे आहे. रागावले असतील तर चाळीसमोर रागावू देत. पण चार वर्षांनी माझा नवरा माझ्याशी पुरं वाक्य बोलणार आहे! हसू नको तर काय करू?

तर आता आपापल्या जागी बसा. ह्यांची जागा सोडा. यंत्रापाशी अण्णांची सोडा. दुसरीकडे दोन मिनिटं उभे राहतात, आपण बसूनच गप्प राहू. खोकायचं त्याने आत्ताच खोकून घ्या. आवाज फार बारीक झालाय, श्वाससुद्धा सांभाळून घ्या.

अण्णा, नमस्कार करते. पान लावून आणलंय, हे बघा, हातात आहे.

लाव रे बाबा सुई. मी उठत नाही.