गोळ्या कोणासाठी खातेस

माझं माहेर आणि सासर दोन्ही कोकणातलं, मध्ये फक्त एक खाडी. लग्न झालं तेव्हा नवरा मुंबईत कॉटन ग्रीनला गोदामात गोण्या उचलायचा आणि नायगावच्या चाळीत गाववाल्यांच्या खोलीत राहायचा, एका खोलीत बारा पुरुष, तिथे बायको कुठे आणणार, म्हणून मी गावी सासूजवळ. तो यायचा गणपतीला आणि शिमग्याला. आमचा संसार वर्षातले वीस दिवस, बाकी सगळी वाट बघणं.

दोन मुली झाल्यावर नर्सबाईंनी मला गोळ्यांचं पाकीट दिलं, म्हणाल्या रोज एक, चुकवायची नाही. मी चार दिवस खाल्ल्या. पाचव्या दिवशी सासूने तांदळाच्या डब्यात पाकीट बघितलं. काय सांगू तुम्हाला, ती ओरडलीसुद्धा नाही, सुपात तांदूळ पाखडत पाखडत म्हणाली, घोव मुंबयत, आणि तू गोळ्यो कोणासाठी खातंस गो? झालं. त्या एका वाक्याने माझा हात थांबला. नवरा नसताना गोळी खाणारी बाई म्हणजे काय, ते सगळ्या वाडीला कळतं. मग मी माझं डोकं चालवलं, तो येईल तेव्हाच खायच्या. गणपतीला तो आला, अकरा दिवस राहिला, अकरा गोळ्या खाल्ल्या, आणि पुढच्या ज्येष्ठात दीपा झाली.

मग मी नवऱ्याला म्हटलं, आता तुम्ही ऑपरेशन करा, पुरुषाचं सोपं असतं. तो म्हणाला, माझी ताकद गेली तर गोणी कोण उचलणार? मी म्हटलं, आणि भाताचे भारे कोण उचलतं? शेवटी ऑपरेशन माझंच झालं. टाके सुकले नाहीत तोवर मी शेतात उतरले. तो माणूस वाईट नव्हता, हे पण तुमच्या वहीत लिहा. त्याला कोणी समजावलं नव्हतं, आणि मला जे समजावलं ते सासूच्या एका वाक्याने पुसून गेलं.

पुढे नायगावात स्वतःची खोली झाली, मी मुलींना घेऊन इथे आले. आता आरोग्य केंद्रात सेविका आहे, चौदा वर्षं घरोघर फिरतेय. तांबी काय, गोळी काय, निरोध काय, मी न लाजता सांगते. बायका म्हणतात, सुनंदाताई, तुम्हाला तोंड आहे बाई.

आणि घरात बघा. दीपा तिकडे कोकणातच दिली, माझ्यासारखीच सासूजवळ राहते. जावई सुनील इथे कुरिअरच्या गाडीवर. बाळ दहा महिन्यांचं, सिझर झालंय, डॉक्टरांनी बजावलंय की दोन वर्षं दुसरं नको, टाक्यांना धोका आहे. गणपतीला आठवडाही उरला नव्हता तेव्हा तिचा फोन आला. बोलता बोलता म्हणते, आई, काळजी करू नको, सुनील यायचाय ना, परवापासून गोळी सुरू करते.

माझी पोळी तव्यावर करपली. म्हटलं, गोळी रोज खायची असते, गावच्या आशा सेविकेने सांगितलं नाही का? म्हणाली, सांगते गं, पण सासू पुढ्यात बसलेली असते, मी नुसती मान हलवते. चौदा वर्षं मी जगाला सांगितलं आणि पोटच्या पोरीला नाही. का नाही, ते मला ठाऊक आहे. सांगायचं तर तिच्या जन्माची गोष्ट सांगावी लागली असती. ती त्या दिवशी सांगितली. दीपा, अशाच गोळ्या मी खाल्ल्या आणि तू झालीस. मग म्हणाली, म्हणजे मी चुकून झाले? म्हटलं, तू झालीस ते माझं नशीब, पण तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. तुला मी विचारतेय.

मग हळूच म्हणाली, रोज खाल्ली आणि सासूने विचारलं, कोणासाठी खातेस, तर?

म्हटलं, सांग, माझ्यासाठी खाते.

पण गोळीचा असर व्हायला दिवस लागतात आणि सुनील तर निघालेला. तो गणपतीचं सामान न्यायला आला, कंठी, अगरबत्ती, मोदकाचा साचा. मी केंद्रातून आणलेलं निरोधचं पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. जगभर वाटते, पण जावयाला देताना आधी दार लोटून घेतलं हो मी. म्हटलं, सुनीलराव, या खेपेला जबाबदारी तुमची, तिच्या टाक्यांचा प्रश्न आहे. त्याचे कान लाल. म्हणाला, आई, दुकानात मागायला गेलो होतो, गल्ल्यावर गाववालाच होता, खोकल्याची गोळी घेऊन आलो. आम्ही दोघं हसलो. मग म्हणाला, पण देवाच्या सामानात कसं ठेवू? मी म्हटलं, बाप्पाची आई मोठी आहे, तिला कळतं. त्याने साच्याच्या खाली सरकवलं.

आज तिकडे गौरी बसल्या असतील. सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. काय विचारू, गोळी खाल्लीस का, सासूने विचारलं का, तू काय म्हणालीस? एका जागी बसवत नाही मला. मगाशी तिचाच निरोप आला, बाळाचा फोटो, आणि खाली एकच ओळ, आई, सासूने विचारलं. पुढे काही नाही. तुम्ही पण थांबा जरा, चहा टाकते. सुखी राहा गं दीपा, बाय माझी, पण पुढचं लिही.