जोझियान समोरच्या दारानं आली

(फ्रान्समधल्या लियाँ शहरातलं एक जुनं बिस्त्रो, म्हणजे छोटं रेस्टॉरंट. मंगळवार, दुपारचे बारा.)

रेमों : अगं, पण हेच टेबल का? आतल्या बाजूला चार मोकळी आहेत.

जोझियान : आतल्या बाजूला मी एकतीस वर्षं होते, रेमों. मोरीपाशी. आज मला खिडकी हवी.

रेमों : हे नोटरी व्हेर्शेर यांचं टेबल. साडेबाराच्या ठोक्याला येतात. तुला काय सांगायचं, त्यांच्या प्लेटा तूच घासल्यास.

जोझियान : म्हणून तर ओळखते. गाजरं खात नाहीत, रश्श्याखाली दडवून ठेवतात. तोंड मात्र कधी पाहिलं नाही त्यांचं.

रेमों : बरं, कोट तरी काढ.

जोझियान : आधी मला बसायला सांग. गिऱ्हाइकाला सांगतोस तसं.

रेमों : काय हे, जोझियान.

जोझियान : सांग.

रेमों : बसा, मादाम.

जोझियान : हं. आता घे कोट. नीट टांग, बहिणीचा आहे.

रेमों : बास्तियाँ मालक तळघरात गेलाय वाइन आणायला. वर आला की माझी हजेरी घेईल. अगं, शुक्रवारीच तर निरोप दिला तुला. टाळ्या झाल्या, फुलं झाली.

जोझियान : झाली ना. माझ्या जागी आणलेल्या त्या मशीनला टेकून उभी होते मी. फुलं बादलीत घालून घरी नेली. फुलदाण्या बाहेरच्या खोलीतल्या, त्यांना हात लावायची कधी परवानगी नव्हती.

रेमों : काय आणू तुला?

जोझियान : क्नेल.

रेमों : क्नेल? ती तर तू हजार वेळा...

जोझियान : काय, खाल्ली? आपण जेवायचो अकराला, उभ्यानं, आदल्या दिवशीचं. माशाची ती क्नेल म्हणे भट्टीतून टम्म फुगून निघते आणि दोन मिनिटांत बसते. तू ती घेऊन पळायचास, मला तुझी पाठ दिसायची. माझ्याकडे यायची ती रिकामी थाळी, कडेला करपलेला रस्सा. तो सुरीनं खरवडायचे मी. आज मला ती फुगलेली बघायची आहे.

रेमों : मोरिसनं तुला दारातून शिरताना पाहिलंय. भट्टीत एक चढवलीसुद्धा. मी म्हटलं, ऑर्डर कुठाय? तर म्हणाला, विचारू नकोस, तू ब्रेड नेऊन ठेव.

जोझियान : स्वयंपाकी आहे खरा.

बास्तियाँ : जोझियान? तू इथं? काही राहिलं का तुझं आत?

जोझियान : नाही रे. जेवायला आले.

बास्तियाँ : अगं, मी म्हटलं होतं ना, सोमवारी ये. आपलं बंद असतं. सगळे मिळून आत किचनमध्ये बसू, घरच्यासारखं.

जोझियान : बंद दुकानात, पडदे ओढून. घरच्यासारखं मी घरी जेवते, बास्तियाँ. मला चारचौघांत जेवायचंय.

बास्तियाँ : जेव ना, नाही कोण म्हणतंय? फक्त त्या कोपऱ्यात बस. टॉयलेटच्या दाराशेजारी आहे, पण शांत आहे. आणि जेवण माझ्याकडून.

जोझियान : तुझ्याकडून नको. माझ्याकडून आहे.

बास्तियाँ : हे बघ, समजून घे. लोक इथं एक ठरावीक थाट बघायला येतात. आजोबांच्या वेळेपासूनची पद्धत आहे. उद्या सगळेच आतले लोक बाहेर येऊन बसले तर...

जोझियान : तर काय होईल?

बास्तियाँ : वाद नको घालूस. रेमों, हिला कोपऱ्यातल्या टेबलावर ने.

जोझियान : थांब, रेमों. बास्तियाँ, माझा नवरा गास्पार कसा गेला, ठाऊक आहे तुला?

बास्तियाँ : अपघातात ना? मी तेव्हा शिकायला बाहेर होतो.

जोझियान : बांधकामाच्या परांचीवरून पडला. पावणेबाराला इथं फोन आला, त्या काउंटरवर. काउंटर बाहेरच्या खोलीत. तुझ्या आईनं मला अडीच वाजता सांगितलं, शेवटची कॉफी गेल्यावर. ओला ॲप्रन, रडणारी बाई, गिऱ्हाइकांसमोर बरं दिसलं नसतं. पावणेतीन तास मी प्लेटा घासत होते. हॉस्पिटलात पोचले तेव्हा त्याच्या तोंडावरून चादर ओढलेली होती.

बास्तियाँ : आई असं करणार नाही.

रेमों : केलं, मालक. फोन मी उचलला होता.

बास्तियाँ : तू?

रेमों : मी. बाईसाहेब म्हणाल्या, आत्ता नाही. मी ट्रे उचलला आणि फिरत राहिलो. दर दहा मिनिटांनी हिच्यासमोर उष्ट्या प्लेटा नेऊन ठेवल्या. ही विचारायची, आज गर्दी आहे का रे? मी म्हणायचो, आहे.

जोझियान : त्याला बोल लावत नाही मी. दोन पोरं होती घरात त्याच्या.

रेमों : होती. आता मोठी झालीत. मालक, हिला इथून मी हलवणार नाही. तुम्हाला हवं तर तुम्ही हलवा.

बास्तियाँ : म्हणजे मला शिकवताय तुम्ही दोघं? भर जेवणाच्या वेळी? ते बघ, व्हेर्शेर आलेच दारात. आता काय सांगू त्यांना?

जोझियान : टेबल भरलंय म्हणून सांग. रोज दहा जणांना सांगतोस.

बास्तियाँ : त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही.

जोझियान : मग जा, सांग. दारात उभे आहेत बिचारे.

रेमों : गेला. कान लाल झालेत त्याचे.

जोझियान : वाइन दे मला.

रेमों : ही लाल ओततो. सावकाश पी.

जोझियान : काय चाललंय तिकडे? मी मान वळवणार नाही.

रेमों : बोलतायत. नोटरींनी घड्याळ पाहिलं. आता बसले आरशाखाली. तुझ्याकडे बोट करून विचारतायत, त्या बाई कोण.

जोझियान : बास्तियाँ काय म्हणतोय?

रेमों : ऐकू येत नाही. थांब, मोरिसनं घंटी मारली. आलो.

जोझियान : पळत ये.

रेमों : थाळीला हात लावू नकोस, तापलीय नुसती. हं, घे. बघ.

जोझियान : अरे, केवढी ही.

रेमों : खा आता.

जोझियान : बघू दे जरा. तूही बघ. तुलाही कुठं थांबून बघायला मिळाली?

रेमों : नाही मिळाली खरी. बसायला लागली बघ.

जोझियान : बसू दे. खाते.

रेमों : काय गं, डोळ्यांत पाणी?

जोझियान : जीभ भाजली. जा, बाकीची टेबलं बघ तुझी.

*

रेमों : अगं, काय करतेस? ठेव ती प्लेट खाली. मी नेतो.

जोझियान : सवय रे. हात आपोआप गेले.

बास्तियाँ : झालं जेवण?

जोझियान : झालं. रस्सा किंचित खारट होता. मोरिसला मीच सांगेन, तू नको बोलूस.

बास्तियाँ : ते फोनचं... मला खरंच माहीत नव्हतं.

जोझियान : आता झालं माहीत. पुढच्या मंगळवारी येते. हेच टेबल.

बास्तियाँ : मंगळवारी ते...

जोझियान : आरशाखाली जेवले ना आज? घास अडकला नाही त्यांचा. बुकिंगची वही काढ.

बास्तियाँ : किती वाजता?

जोझियान : बारा.

बास्तियाँ : लिहितो. जोझियान, बारा वाजता...

जोझियान : नोटरींना मानानं ‘नोटरी व्हेर्शेर’ लिहितोस की नुसतं पहिलं नाव?

बास्तियाँ : मादाम पेराशाँ. बरोबर? एकट्याच येणार तुम्ही?

जोझियान : एकटीच. आणि पेन्सिलीनं नको, बास्तियाँ. पेनानं लिही.