कासव नदीकाठीच उभं

थांबा, थांबा! टाळ जरा मांडीवर ठेवा. गजर पोटभर करूच, पण आधी ह्या तुमच्या कीर्तनकार बुवांना एक प्रश्न पडलाय, तो तुमच्या पदरात टाकतो.

लेकराला भूक लागली, तर आई घास भरवते. ताप आला, तर डॉक्टरकडे नेते. पण लेकराला पुस्तकाची गोडी लावायची असेल — तर काय करायचं? अं? बोला! ... मागून कोण म्हणालं 'छडी'? उभे राहा काका, बघू दे सगळ्यांना! नको, बसा. आजचं आख्यान तुमच्यासाठीच आहे!

तर मंडळी, ऐका. कृष्णाकाठी सावळवाडी नावाचं गाव. तिथे केरबा माळवदे शिंपी. मशीनवर बसला की सदरा असा शिवायचा, की घालणाऱ्याला आरशात स्वतःचा हेवा वाटावा! आणि गळा? श्रावणात मारुतीच्या देवळात केरबा पोथीला बसला, की वाटेने जाणारा माणूस डोक्यावरचा भारा खाली ठेवून उभा राहायचा. त्याच्या वडिलांनी वाचलं, आज्यानं वाचलं, आता केरबा वाचतोय. आणि केरबाच्या मनात एकच इच्छा — आपल्यामागे ही पोथी आपल्या मंजुळीनं वाचावी.

मंजुळी कोण? त्याची लेक. तिसरीतली. दोन वेण्या, एक दात पडलेला, तोंडात अखंड प्रश्न!

एकदा शाळेतल्या कुंभारबाईंनी तिला गोष्टीचं पुस्तक दिलं. म्हणाल्या, "रोज घरी आबांकडून वाचून घे." केरबाला आनंद! दिवेलागणीला हातपाय धुतले, चटई टाकली, लेकीला समोर बसवलं — दोन हात लांब, मांडी घालून, हात जोडून! अहो, कासवाच्या गोष्टीला हात जोडून! केरबानं खाकरून सुरू केलं, "एक होतं कासव. ते निघालं बहिणीच्या लग्नाला. चालत चालत आलं नदीकाठी आणि थांबलं..."

मंजुळी म्हणाली, "आबा, कासव का थांबलं? त्याला पोहाया येत न्हाई व्हय?"

झालं! केरबानं पुस्तक मिटलं. आता ह्या घरची रीत काय होती, सांगतो. केरबाच्या वडिलांनी त्याला लहानपणी असंच शिकवलेलं — ऐकणाऱ्यानं मधे बोलायचं नाही, हलायचं नाही, पेंगायचं तर मुळीच नाही. चुकला, की अध्याय पुन्हा पहिल्यापासून!

"मधी बोललीस. आता पुन्हा पयल्यापासनं," केरबा म्हणाला. "एक होतं कासव..."

दुसऱ्या दिवशी मंजुळीला शिंक आली. पुन्हा पहिल्यापासून! तिसऱ्या दिवशी पायाला मुंग्या आल्या म्हणून हलली. पुन्हा पहिल्यापासून! चौथ्या दिवशी बिचारी काही बोलली नाही, हलली नाही... झोपली! बारा दिवस, मंडळी, बारा दिवस ते कासव निघतंय लग्नाला आणि उभं राहतंय नदीकाठी! चुलीपुढे बसलेली केरबाची बायको इंदू शेवटी भाकरी थापायची थांबली.

"अवो," ती म्हणाली, "त्या कासवाला एकदा नदी तरी वलांडू द्या! तिकडं लगीन लागून बारशाची येळ झाली!"

तुम्ही हसताय. इंदूही हसली. मंजुळी मात्र हसली नाही. तेराव्या दिवशी दिवेलागणीला चटई रिकामी. पोर शेजारच्या अंगणात काचाकवड्या खेळत बसलेली. चौदाव्या दिवशी कुंभारबाई दुकानात आल्या, ब्लाउजचं कापड दिलं आणि पिशवीतून काढलं — तेच पुस्तक!

"केरबाभाऊ, मंजुळानं परत दिलं हे. मी विचारलं, आवडलं नाही का गं? तर म्हणते, ह्यात पुढं काहीच न्हाई, बाई. एकच पान हाय."

पुस्तक मशीनवर ठेवून बाई गेल्या. केरबाला फार लागलं. ज्याच्या वाचनाला गाव लोटतं, त्याची लेक पुस्तक परत करते! संध्याकाळी त्यानं तिला हाक मारली. "का गं? आबाचं वाचन ग्वाड लागत न्हाई?"

मंजुळी जमिनीकडे बघत म्हणाली, "आबा, देवळात नामूआज्जा घोरतोय. शांतामावशी शेजारणीसंगं बोलती. तवा तुमी पुन्हा पयल्यापासनं का वाचत न्हाई?"

घ्या! केरबा चाचरला, "ती... ती मोठी मान्सं हायत."

"मंग मी मोठी झाल्यावर ऐकीन," असं म्हणून ती निघून गेली.

शब्द लहान तोंडातला होता, पण केरबाच्या काळजात रुतला. तो मशीनवर बसला, पण सुईत दोरा जाईना. इंदू जवळ आली, दोरा ओवून दिला आणि हळूच म्हणाली, "गिऱ्हाइकाचं माप घेतल्याबिगर कातर लावत न्हाई तुमी. पोरीला मातुर तुमच्या वडलांचा आंगरखा घालाया निघालाय."

मंडळी, हा टोला बुवांनासुद्धा बसला हो! आपण सगळेच हे करतो. आपल्याला जसं शिकवलं, तसंच पुढे. बसतंय का, सैल होतंय का, कोण बघतंय?

दुसऱ्या दिवशी केरबानं चटई टाकली, पण समोर नाही बसवलं. भिंतीला टेकला, लेकीला कुशीत घेतलं, पुस्तक तिच्या मांडीवर दिलं. "पान तू उलटायचं," म्हणाला. "मी वाचतो. एक होतं कासव..." नदीकाठ आला. मंजुळीनं ओठ घट्ट मिटून घेतले. पोर घाबरली होती! केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"इचार की," तो म्हणाला. "का थांबलं आसंल?"

"...इचारू?"

"इचार!"

"त्याला पोहाया येत न्हाई?"

"मला बी ठाव न्हाई. उलट पान!"

पान उलटलं, आणि काय? कासवानं लग्नासाठी डोक्याला नवा फेटा बांधलेला. पाण्यात उतरलं तर फेटा भिजेल, म्हणून थांबलेलं! मंजुळी हसली, इंदू हसली, केरबा तर असा हसला की खोकला लागला. अहो, तिच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या पानावर होतं, आणि ह्यानं बारा दिवस तिला पहिल्याच पानावर कोंडून ठेवलेलं!

मग रोज एक-दोन पानं. पेंगली, तर केरबा शिलाईतली एक चिंधी पानात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी चिंधीपासून पुढे.

आणि मग ऐन श्रावणात केरबाचा घसा बसला. ताप आला, आवाज फुटेना. संध्याकाळी तो चटईवर पडलेला. मंजुळी पुस्तक घेऊन उशाशी बसली. "आबा, आज मी वाचती," म्हणाली आणि अडखळत सुरू केलं, "ना... नाव... नावाड्यानं फे... फेटा..."

केरबाचा कान कसला, ठाऊक आहे ना? काना-मात्रा चुकली तर त्याला ठसका लागायचा! पोरीनं एका ओळीत तीन चुका केल्या. त्यानं तोंड उघडलं — आणि मिटलं. त्या दिवशी केरबानं जे मौन पाळलं ना मंडळी, ते एकादशीच्या उपासापेक्षा कठीण होतं! ऐकता ऐकता त्याला झोप लागली.

जाग आली तेव्हा सकाळ झालेली. मंजुळी शेजारीच पुस्तक घेऊन बसलेली. केरबा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी पेंगलो गं. आता पुन्हा पयल्यापासनं?"

"न्हाई काय," ती म्हणाली. "तुमी जिथं झोपला, तिथं चिंधी ठेवलीया." मग मान खाली घालून हळूच म्हणाली, "आबा, माजं चुकलं. मला ऱ्हावलंच न्हाई. मी सकाळच्याला सगळं वाचून काढलं. शेवटापत्तोर."

केरबा उठून बसला! ताप गेला की राहिला, त्याला कळेना. "पोचलं का गं कासव लग्नाला?"

मंजुळी हसली, पडलेल्या दाताच्या खिडकीतून! "सांगनार न्हाई! आज दिवेलागनीला वाचून दावती."

केरबानं तिला छातीशी धरलं आणि रडला. देवळातली पोथी ती पुढे वाचेल की नाही, हे त्या क्षणी त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

तर काका, छडीवाले काका! सापडलं उत्तर? उद्या दिवेलागणीला टीव्ही बंद करा, नातवाला कुशीत घ्या, पान त्याला उलटू द्या. चुकू दे, विचारू दे, पेंगू दे. घरात चिंधी प्रत्येकाकडे आहे. कासव तुमच्या अंगणात उभंच आहे हो, लेकराला घेऊन एक पान पुढे जा!

आणि त्या खांबाला टेकून जे घोरताहेत, त्यांना उठवू नका. मी पुन्हा पहिल्यापासून सांगणार नाही! चला, उचला टाळ!