डावीकडची मोकळी जागा

ताई: आणि बदल्यात काय घेतलंत?

कोच: एक गोलकीपर.

ताई: बास?

कोच: आणि गवत कापायचं मशीन.

ताई: माझ्या भावाला दुसऱ्या क्लबला दिलंत, आणि बदल्यात मशीन.

कोच: गोलकीपर आणि मशीन. आपलं बंद पडल्यापासून गवत घोट्याच्या वर आलंय. बॉल शोधत बसावं लागतं.

ताई: अहो, सीझन अर्धा झालाय. निम्मे गोल त्याच्या एकट्याचे आहेत.

कोच: सगळेच त्याचे आहेत.

ताई: मग तुम्ही अक्कल काय गहाण टाकली होती?

कोच: हळू बोल. तो आंघोळीला गेलाय.

ताई: म्हणजे त्याला अजून सांगितलेलंच नाही.

कोच: म्हटलं, आधी तुझ्या कानावर घालावं.

ताई: म्हणजे मी त्याच्या कानावर घालावं. आई गेल्यावर एवढासा आणला होता मी त्याला या घरात. तुम्हीच त्याच्या हातात बॉल दिलात.

कोच: पायात दिला. हातात घेतला की मी शिट्टी मारायचो.

ताई: विषय बदलू नका. भांडलात का त्याच्याशी?

कोच: छे. मध्ये त्याला ताप आला होता, आठवतंय? त्या दिवशी मी पोरांना आपापसात खेळायला लावलं. ज्याच्या पायात बॉल गेला त्याने तो डाव्या कोपऱ्यात मारला.

ताई: बरं.

कोच: डाव्या कोपऱ्यात हा असतो. त्या दिवशी हा इथे पांघरूण घेऊन पडला होता.

ताई: मग बॉल?

कोच: बाहेर. आणला, परत तिकडेच मारला. मी विचारलं, अरे तिथे कोण आहे? म्हणाले, कोणीच नाही सर. आणि परत मारला.

ताई: नीट समजावून सांगायचं.

कोच: सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तो जाड्या डोळे मिटून मारत होता. म्हणाला, रोज असाच मारतो, पोचतो की.

ताई: आणि गोलकीपर?

कोच: खांबाला टेकून पाणी पीत होता. म्हणून तर दुसरा घेतला.

(न्हाणीघराचं दार उघडतं. धाकटा केस पुसत बाहेर येतो.)

धाकटा: कोण दुसरा घेतला?

ताई: सांगा आता.

कोच: तुला पुलापलीकडच्या क्लबला दिलंय. सोमवारपासून तिकडे जायचं.

धाकटा: किती दिवस?

कोच: कायमचं.

धाकटा: मी वाईट खेळलो का?

कोच: नाही.

धाकटा: उलट बोललो?

कोच: नाही रे.

धाकटा: मग मेव्हण्याला खेळवतात म्हणून कोणी बोललं असेल.

कोच: बोलायचे. तू गोल करायला लागल्यावर त्यांची तोंडं बंद झाली.

धाकटा: मग झालं काय?

कोच: तू मैदानात असलास की माझ्याकडे एक खेळाडू आणि दहा प्रेक्षक असतात. तुला बॉल दिला की त्यांचं काम संपतं. आणि तू तो कोणाला परत दिलेला मी पाहिला नाही.

धाकटा: देऊन काय करू? ते मलाच परत देतात.

कोच: तेच म्हणतोय मी.

ताई: म्हणजे आळस त्यांचा आणि घराबाहेर हा.

कोच: तिकडे याच्या तोडीचे चार जण आहेत. जागेसाठी झगडावं लागेल, तेव्हा कुठे खेळ वाढेल. इथे याची जागा कोण मागणार आहे? आणि मला काय हौस आलीय? काल सही करून आलो आणि सामानाच्या खोलीत बसून रडलो. शिपायाने विचारलं, तर गवत गेलं डोळ्यात म्हणालो.

ताई: तुझ्या बदल्यात गवत कापायचं मशीनही मिळालंय बरं का.

धाकटा: नवीन?

कोच: वापरलेलं. पण चालतं.

ताई: हा राहणार कुठे? याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

कोच: क्लबची खोली आहे. बसने तासाभरावर.

धाकटा: आपली त्यांच्याशी मॅच कधी आहे?

कोच: आपली नाही. आमची. पुढच्या रविवारी.

धाकटा: मग मी समोरच्या टीममध्ये असेन.

कोच: हो.

धाकटा: भावजी, पोरं मलाच पास देतील.

कोच: देतील.

ताई: हे तुम्हाला माहीत होतं?

कोच: तोच बेत आहे. सवयीने देत राहतील, हा गोल मारत राहील. सडकून हरू. त्यानंतर बघून मारायला शिकतील.

ताई: धन्य आहे तुमची.

धाकटा: मी मारू मग?

कोच: मारायचेच. दया दाखवलीस तर घरात घेणार नाही.

धाकटा: बरं. मग तुम्हीही एक करा. त्या दिवशी बाकावरून मला हाक मारू नका.

कोच: मी कशाला मारीन?

धाकटा: लहानपणापासून मारताय. निघून जाईल तोंडातून.

कोच: गेली तर गेली. तू लक्ष देऊ नकोस.

धाकटा: नाही जमणार. मी बॉल सोडून तुमच्याकडे येईन.