दुखत नाही, हीच तर भानगड!

...नाही, पण मला एक सांगा, विषानं निदान दुखायला तरी नको का? विंचू चावला तर माणूस बोंबलतो, तव्याला हात लागला तर नाचतो, आणि हे ॲसिड! काच खातं, काच! म्हणून तर प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये ठेवावं लागतं, आणि कातडीवर पडलं तर? काही नाही! पाण्यासारखं! गुपचूप आत शिरतं, हाडापर्यंत जातं, हाडातलं कॅल्शियम ओढून घेतं, आणि माणूस इकडे मजेत गप्पा मारतोय! दुखत नाही, हीच तर भानगड!

आमच्या साडूंचं सांगतोय. काचेच्या कारखान्यात आहेत. बाथरूमच्या दाराला ती धुरकट, पलीकडचं न दिसणारी काच असते ना, ती करतात, या फ्लोराइडच्या ॲसिडनं. आणि खबरदारी म्हणाल तर, तुम्हाला सांगतो, इतका भित्रा... चुकलो, इतका सावध माणूस मी पाहिला नाही. कोपरापर्यंत हातमोजे, तोंडावर ढाल, एप्रन, गमबूट. घरी मेहुणी मोजे घालून भांडी घासायला लागली तरी हे मागे उभे, "आधी मोजा फुगवून बघ! भोक आहे का बघ! अगं, दुखत नाही, हीच तर भानगड!" ती बिचारी म्हणायची, "अहो, साबण आहे तो!"

मग झालं काय, तर कारखान्यातले मोजे विरले. साडू नवे मागायला गेले, तर मालक मानही वर न करता, "बघू हो, बघू. आधी ही ऑर्डर जाऊ दे." ऑर्डर कसली, तर कुठल्याशा हॉटेलची दारं! बाहेर गाडी हॉर्न मारतेय, शेवटच्या काचा ॲसिडच्या टबात, आणि साडूंना मोज्याच्या आत बोटाला ओल लागली. आता हाच माणूस नव्या लोकांना सांगायचा, ओल लागली की मोजा फेका, नळाखाली पळा, कपड्यांवर उडालं तर कपडे काढा, लाज सोडा, पण धुवा! आणि स्वतः? "घाम असेल," म्हणाले. घाम! का, तर दुखत नव्हतं ना! काचा गाडीत चढवल्या, हात पुसला, घरी आले.

संध्याकाळी हातातून कप सुटला. बोटाचं टोक पांढरंफटक, आणि आतून असा ठणका, जसं कुणी हाडात पाचर ठोकतंय. मेहुणी धावत आली, "काय हो, काय झालं?" तर बोटाकडे बघत म्हणतात, "घाम नव्हता गं तो..." आणि एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला.

तिनं आधी हात नळाखाली धरला, भरपूर धुतला, मग स्कूटर काढली. औषध आहे त्यावर, कॅल्शियमचं जेल. साडूंनीच भांडून कारखान्याच्या कपाटात आणवून ठेवलेलं. हॉस्पिटल गावाच्या दुसऱ्या टोकाला, कारखाना वाटेत. फाटकात वॉचमन आडवा! "कारखाना सुटल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, साहेब. आत ॲसिड आहे म्हणून तुमचाच नियम. 'मी आलो तरी सोडू नकोस,' म्हणाला होतात!" अहो, माणूस मनगट धरून नाचतोय आणि हा नियम सांगतोय! शेवटी मेहुणीनं अशी काही नजर टाकली की त्यानं मुकाट्यानं फाटक उघडलं. कपाट उघडलं. ट्यूब होती. पण चपटी! पिळून पिळून नुसता कागद! वॉचमन स्वतःच्या पायांकडे बघत म्हणतो, "थंडीत टाचा फार फुटतात हो, साहेब... सगळेच लावतात."

साडू हसले. तुम्हाला सांगतो, ते हसू मेहुणीला अजून झोपू देत नाही.

हॉस्पिटलमध्ये बोटात इंजेक्शनं दिली, छातीला तारा जोडल्या, कारण ते विष रक्तात फिरलं तर थेट हृदयालाच हात घालतं. डॉक्टरीणबाई कळवळून म्हणाल्या, "अहो, लगेच का नाही आलात?" आता काय सांगणार! दुखत नाही, हीच तर... जाऊ दे. जीव वाचला. बोटाचं टोक काळं पडलं, ते कापावं लागलं.

आणि परत तिथेच कामाला! जाणार कुठे? मालकांनी कोरे करकरीत मोजे हातात ठेवले, डोळ्याला डोळा न देता. घरी घालून बघितले, तर एका बोटाचं टोक रिकामं, लोंबतंय. मेहुणी सुईदोरा घेऊन बसली, "द्या इकडे, दुमडून दोन टाके घालते." साडू एकदम ओरडले, "सुई लावू नकोस! भोक पडेल!" मेहुणीनं सुई परत डबीत ठेवली.

शेवटी साडू मोजेवाल्याच्या दुकानात गेले. तो म्हणाला, "साडेचार बोटांचा? बनवून देतात हो, पण एका माणसासाठी नाही. डझनभर तरी गिऱ्हाईक पाहिजे."

साडूंनी मान डोलावली. म्हणाले, "थांबतो मग. होतील हळूहळू."