मावशी, डॉक्टर आन अस्वल

आमच्या मावशीचं डोकं कसं चालते, आयका. कंबरदुखीसाठी चंद्रपूरच्या डॉक्टरनं तिले स्टेरॉइडचं इंजेक्शन देल्लं. म्हणाला, "बाई, काही दिवस रोगाशी लढायची ताकद कमी राहील, व्हायरस लवकर धरेल. गर्दी टाळा. शिंकणाऱ्यापासून लांब राहा."

दुसऱ्याच दिवशी मावशी जंगलात मोहफुलं वेचाले! तिथी अस्वल आलं. मावशी टोपली टाकून धूम पळाली.

तपासणीच्या दिवशी मीच डॉक्टरले सांगून टाकलं. तो भडकला, "इंजेक्शन घेऊन जंगलात कशाला गेलात?"

मावशी म्हणाली, "तुमीच त गर्दी टाळा म्हणलं. तिथी मी आन अस्वल, दोघंच होतो."

तेवढ्यात डॉक्टर जोरात शिंकला. मावशी टुणकन उठून दारापाशी!

"अस्वल बरं होतं बापा, एकदाही शिंकलं नाई!"